कोणाकडून आलं

सत्यशीलाबाईंनी माठातल्या पाण्यात पंचा बुडवून पिळला आणि नातीच्या पाठीवरून हळूहळू फिरवला. विशाखा, म्हणजे घरादाराची विशू, नुकतीच दोन वर्षांची झाली होती. पाठीला गार लागताच ती खुदकन हसली. मारेगावचे पत्रे एप्रिलच्या उन्हानं तापले होते, आणि या पोरीला ताप तर सोडाच, नुसती उष्णता चढली तरी झटके येत. पाच महिन्यांची असताना कढत पाण्याच्या आंघोळीनंतर पहिला आला होता. तेव्हापासून सत्यशीलाबाईंचा अर्धा दिवस पंचा भिजवण्यात जायचा, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तोच वेळ त्यांना सगळ्यात जास्त आवडायचा.

समोर खाटेवर त्यांची थोरली बहीण कोकिळाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट आज येणार हे त्यांना वणीला बसून कसं कळलं कोण जाणे, पण त्या बरोबर आजच उतरल्या होत्या.

"रक्तातलंच निघालं तर काय करशील?" त्यांनी विचारलं.

"काय करीन? पंचा भिजवीन."

"तसं नाई वो. सुनेकडून आलं असं निघालं तर? मंग दुसरं लेकरूही असंच. तिच्या फुलसावंगीच्या पाहुण्यांनी लग्नात काई सांगतलं होतं का? तिले माहेरी पाठव आन् धम्मदीपचं दुसरं पाहा. वय काय त्याचं अजून."

सत्यशीलाबाईंनी पंचा पुन्हा भिजवला. बोलायला तोंड तरी कुठं होतं? दवाखान्यात पहिल्या रात्री त्याच सुनेसमोर म्हणून गेल्या होत्या, "आमच्याकडं तर असं कोणालेच नव्हतं." लगेच जीभ चावली, पण उर्वशीनं जे ऐकायचं ते ऐकलं होतं. या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही, मांत्रिकाची सावली उंबऱ्यावर पडली नाही, याचा सत्यशीलाबाईंना केवढा अभिमान. आणि कोणाचं रक्त वाईट, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडानं घरात आणला होता.

दुपारी उर्वशी आणि धम्मदीप नागपूरहून आले. धम्मदीप जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. त्या वर्षी कापूसच इतका कमी आला की जिनिंग होळीच्या आधीच बंद पडलं, आणि त्याला नागपूरच्या खेपा करायला सवड तरी मिळाली. आल्या आल्या त्यानं विशूला उचललं, गाल लावून पाहिला. उर्वशी सगळ्यांना पाणी द्यायला आत गेली.

"काय म्हणे डॉक्टर?" पंजाबरावांनी विचारलं. एस.टी.त कंडक्टर म्हणून उभा जन्म घालवलेला हा सासरा अजूनही प्रत्येक गोष्ट दारात उभं राहूनच विचारायचा.

"सापडलं, बाबा. मेंदूत वीज धावते ना, तिले थांबवाचा ब्रेक विशूचा ढिला आहे. जन्मापासूनच. रक्तातच एक बारीकशी चूक आहे, त्याच्यानं. आंघोळीनं नाई झालं, लशीनं नाई झालं. आपण देत होतो ती गोळी नेमकी या दुखण्याले उलटी पडत होती. ती बंद केली. नवं औषध देलं."

"थांबतील ना मंग झटके?" सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"कमी होतील, आई."

आंघोळीनं नाही झालं, एवढं ऐकूनच सत्यशीलाबाईंना रडू यायला लागलं होतं. ते कढत पाणी त्यांनीच काढलं होतं. पण कोकिळाबाईंनी त्यांना रडू दिलं नाही.

"पण आलं कोणाकडून? तिघांचंही रक्त घेतलं होतं ना?"

उर्वशी तांब्या घेऊन बाहेर येत होती. ती दारातच थांबली.

"माझ्याकडून," धम्मदीप म्हणाला. "आई-बापात तीच चूक थोडकी राहते. लहानपणी तापात झटके येतात आन् मोठं झाल्यावर बंद होतात. माणसाले आठवतही नाई."

हे सगळं तो विशूच्या झबल्याच्या बंदाशी खेळत म्हणाला, आणि फार पटकन.

सत्यशीलाबाईंचा हात पाण्यातच राहिला. हे पोर त्यांनी वाढवलं होतं. गोवरात अंगाची भट्टी झाली तेव्हा रात्रभर बापाच्या बसची तिकिटं फाडत बडबडत होता, पण झटका? एकदाही नाही. त्यांनी वर पाहिलं. उर्वशी नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की हे तीही आत्ताच ऐकत होती. सत्यशीलाबाईंना सगळं समजलं.

त्यांना राग आला. फुलसावंगीच्या विहिणीचा आला, बायकोसाठी आईशी खोटं बोलणाऱ्या पोराचा तर त्याहून जास्त आला. कोकिळाबाई सुपारी तोंडात टाकून बघतच होत्या. एक शब्द बोलायचा अवकाश, खरं बाहेर पडलं असतं. तेवढ्यात विशू बापाच्या मांडीवरून उतरली, डुलत डुलत गेली आणि आईच्या पातळात तोंड खुपसून उभी राहिली. उर्वशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. झटका आला की पोरीला कुशीवर वळवून तिच्या नावानं हाका मारत राहणारी हीच, आणि पोर शुद्धीवर येताच हसून दाखवणारीही हीच. तिला माहेरी पाठवायचं म्हणजे या लेकराला कोणापासून तोडायचं?

"कावं, याले कधी झटके आलते?" पंजाबराव बायकोला म्हणाले. "मले तर काही—"

"तुमी कुठं होते घरी? तुमी पुसदच्या गाडीवर होते." सत्यशीलाबाईंनी पंचा पिळला. "यायचे याले. गोवर निघालता तवा तर दातखीळ बसली होती."

पंजाबरावांनी मान डोलावली. घरी नव्हते, हे खरंच होतं. धम्मदीपनं चमकून आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पण याले आलं कुठून?" कोकिळाबाई हटेनात.

"माझ्याकडून असंल, बाई. मलेही लहानपणी तापात डोळे फिरायचे, असं माय सांगायची. तू मोठी, तुले आठवत असंल. एकाच मायच्या लेकी आपण. थोडंबहुत तुझ्याकडंही असंल, तुझ्या लेकरा-नातवंडातही असंल."

कोकिळाबाईंचा अडकित्ता थांबला. त्यांच्या नातीला पाहायला रविवारी पांढरकवड्याचे पाहुणे यायचे होते.

"मले काई आठवत नाई," त्या म्हणाल्या. "आन् तूही कुठं बोलत बसू नको. लेकराचं दुखणं आहे, कायले कोणाले सांगाचं?"

"नाई सांगत."

दुपारच्या चहाशिवाय कधी न हलणाऱ्या कोकिळाबाई चहाआधीच वणीच्या गाडीला गेल्या. पंजाबराव त्यांना सोडायला स्टँडवर गेले, आणि बोलता बोलता पोराच्या गोवराची गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगत गेले म्हणे.

संध्याकाळी उर्वशी भाकरीचं पीठ मळत होती. विशू शेजारी टाकलेल्या पोत्यावर निजली होती. सत्यशीलाबाई येऊन बसल्या.

"आई, हे दुपारी बोलले ते खरं नाई," उर्वशी खाली मान घालून म्हणाली. "ते माझ्या—"

"माहीत आहे मले."

उर्वशीनं पिठात पाण्याचा हबका मारला.

"मायनं मले कधी सांगतलं नाई, आई. सकाळी डॉक्टरांसमोर फोन लावला तवा ती रडाले लागली. तवा समजलं."

"किती मोठी होईपर्यंत यायचे तुले?"

"पहिलीत जाईपर्यंत, म्हणे."

"आन् मंग थांबले."

"हो. थांबले."

सत्यशीलाबाई निजलेल्या विशूच्या जरा जवळ सरकल्या. दुपारपासून मनात धरून ठेवलेलं आता त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज एखाद्या लहान पोरीसारखा झाला.

"मंग हिचेही थांबतील. तुझंच तर आलं आहे हिच्यात. तुझे थांबले, तसे हिचेही थांबतील. नाई का?"

उर्वशीचे हात पिठात थांबले. तिनं सासूकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

"हो आई," ती पटकन म्हणाली. "थांबतील ना."

आणि पुन्हा खाली बघून पीठ मळायला लागली.

दुपारी धम्मदीप 'कमी होतील' म्हणाला होता. 'थांबतील' असं तो म्हणाला नव्हता, हे सत्यशीलाबाईंना चांगलं आठवत होतं. पटकन बोलून खाली बघणंही त्यांनी आज एकदा पाहिलेलं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि परात आपल्याकडे ओढून घेतली. "तू थकून आली आहेस. जाय, बस लेकराजवळ. भाकरी मी टाकतो."