आठ तासांनी एकदा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुम्ही बहुधा न पाहिलेला, दोन मोठ्या चाकांचा. ताटाएवढी ही चाकं माझ्या छातीवर फिरतात आणि एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर गुंडाळली जाते. जाता जाता ती माझ्या हेडला टेकते. हेड म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा धातूचा तुकडा. मी ऐकतो तो त्यानेच आणि बोलतो तोही त्यानेच. कारखान्यात एका बाईंनी भिंगाखाली बघून त्याच्यावर केसासारखी तार गुंडाळली होती. त्या दिवसभर कुणाशी बोलत नसत, कारण वेढे मोजायचे असत.

तरुणपणी मी एका नाटक कंपनीत होतो. दार आपटणं, वादळ, घोड्यांच्या टापा, सगळं माझ्याकडे. प्रेक्षक दचकले की पडद्यामागे माझी पाठ थोपटली जाई. पुढे माझ्याहून हलकी यंत्रं आली आणि मी दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात, इस्त्र्या आणि पंख्यांच्या गर्दीत, वीस वर्षं धूळ खात पडलो.

तिथून मला एका मुलीने घरी नेलं. ती दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी गाणी करायची. गाणी साठच्या दशकातल्या धाटणीची: अडीच मिनिटांची, ऑर्गन, खंजिरी, टाळ्या आणि मागे उंच सुरात साथ करणारा मुलींचा घोळका. घोळका म्हणजे ती एकटीच. माझ्या फितीवर शेजारी शेजारी चार पट्ट्या असतात. एकीवर गायचं, ते ऐकत दुसरीवर गायचं, असं करत ती स्वतःचीच मैत्रीण व्हायची. आवाज घुमावा म्हणून ती स्पीकर न्हाणीघरात ठेवायची. बाहेर तिचा दादा खांद्यावर टॉवेल टाकून उभा. "आम्ही आंघोळ तुझ्या गाण्याला विचारून करायची का?" असं तो रोज विचारायचा आणि रोज थांबायचा. आई म्हणायची, हिला जन्माला यायला दोन पिढ्या उशीर झाला.

मला नेताना काकांनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. वापरता वापरता हेडमध्ये चुंबकत्व साठतं आणि मग तेच हेड, गाणं नुसतं वाजवलं तरी, फितीवरचा बारीक आवाज थोडा थोडा पुसतं. म्हणून दर आठ तासांच्या वापरानंतर चुंबकत्व उतरवायची कांडी त्याच्यासमोरून हळूच फिरवायची. दुसरी गोष्ट, गाण्याची एक नक्कल संगणकावर ठेवायची.

पहिली तिने मनापासून पाळली. माझ्या हेडला स्पिरिटचा बोळा लावताना, कांडी फिरवताना ती श्वास रोखून धरी. भिंतीवर तासांच्या रेघा ओढी. दुसरी ऐकून मात्र ती हसली. त्या काळी कुठे संगणक होते, म्हणाली. गाणं पुरं झालं की एकदाच काढीन नक्कल.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करावंच लागेल. बोलता येईल, खालचं गाताही येईल, पण वरच्या सुरांची खात्री देता येणार नाही. हातात तीन आठवडे होते. तिने एकच गाणं घेतलं आणि त्यातली वरची साथ आधी गाऊन घेतली. मुख्य चाल खालच्या सुरांतली, ती नंतर गाता येईल म्हणून चौथी पट्टी कोरी ठेवली. तो आवाज मी ऐकलाय, मित्रांनो. नव्या काचेवर ऊन पडावं तसा होता. त्या तीन आठवड्यांत भिंतीवर एकही रेघ पडली नाही. घाईत कांडी खणातच राहिली.

ऑपरेशन झालं. वरचे सूर परत आले नाहीत.

ती रोज कामावरून आली की माझं बटण दाबायची आणि तो आवाज ऐकायची. दोनदा, तीनदा, कधी दहादा. गळ्याला गुंडाळलेल्या रुमालाचं टोक तिच्या मुठीत असायचं. माझ्या हेडमध्ये केव्हाच चुंबकत्व साठलं होतं. प्रत्येक फेरीला तिच्या आवाजाची थोडी झळाळी, खंजिरीच्या चकत्यांची थोडी किणकिण पुसली जात होती, आणि पुसणारा मी होतो. मला थांबता येत नव्हतं. बटण दाबलं की फिरायचं, एवढंच मला येतं. तिला कळलं नाही, कारण रोज जे तिळातिळाने कमी होतं ते रोज ऐकणाऱ्याला सारखंच वाटतं.

सात महिन्यांनी गळा गाण्याइतका बरा झाला. तिने चौथ्या पट्टीवर चाल गायली. नवा आवाज खालचा, थोडा खरखरीत, पण स्वच्छ. मग चारही पट्ट्या एकत्र लावल्या आणि दादाला बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, "पुढे तू गातेयस ते कळतं. पण मागच्या मुली शेजारच्या घरात गातायत का गं?"

तिने काकांना बोलावून आणलं. काकांनी खिशातून बोटभर होकायंत्र काढून माझ्या हेडजवळ धरलं. सुई गर्रकन वळली.

"कांडी शेवटची कधी फिरवलीस?"

"ऑपरेशनच्या आधी."

"आणि वाजवलंस किती?"

"रोज."

काकांनी होकायंत्र खिशात टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"परत आणता येईल का, काका?"

"उरलंय तेवढं राहील, पोरी. गेलेलं फितीवर नाहीच, तर आणणार कुठून?"

त्यांनी खणातली कांडी शोधून माझ्यासमोरून फिरवली, सावकाश, दोनदा. ती भिंतीवरच्या जुन्या रेघांकडे बघत उभी होती. मग तिने फीत उतरवली, डब्यात घातली आणि माझ्यावर चादर टाकली. त्याला आता दोन वर्षं झाली. न्हाणीघर दिवसभर मोकळं असतं. दादाला हवी तेव्हा आंघोळ करता येते. तरी तो कधी कधी टॉवेल घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी उगाच थांबतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला पुसून स्वच्छ ठेवा, त्याचे तास मोजा. आणि जे एकदाच मिळालंय त्याची नक्कल आजच काढा, पुरं व्हायची वाट बघू नका. आम्ही यंत्रं वाईट नसतो, पण बिघडलो तर आम्हाला सांगता येत नाही.

माझं हेड आता स्वच्छ आहे. होकायंत्र धरलं तर सुई जागची हलायची नाही. चाकं मात्र रिकामी आहेत.