पहिला हात भिंतीचा

अमूर्त चित्रकलेतील वैराग्यावर चारशे पानांचा ग्रंथ लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी आयुष्यात ब्रश धरला होता तो फक्त दाढीचा. रंगारीणबाईंना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अभ्यासिकेची भिंत संध्याकाळपर्यंत पांढरीशुभ्र व्हायची आहे आणि उद्या तिच्यापुढे बसून प्राध्यापक त्याच ग्रंथावर व्याख्यान देणार आहेत, एवढेच त्यांच्या कानावर आले होते.

बाईंचा एक नेम होता. वडिलांकडून धंदा आला, तसा तोही आला : पहिला हात भिंतीचा, नंतरचे मालकाचे. भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून झाली की जुन्या कामांतले, डब्यांच्या तळाशी उरलेले रंग त्या पातळ करीत आणि मनात येईल ते भिंतीवर उतरवीत. ना झाड, ना पान, ना माणूस. वाळले की स्वतःच्याच हाताने वरून प्रायमर. बावीस वर्षांत एकही चित्र उरले नव्हते आणि एकही भिंत चुकली नव्हती.

"पालथ्या घड्यावर पाणी," नवरा एका हाताने चढायचा लाकडी घोडा धरून आजही म्हणाला.

"घडा माझा, पाणी माझं. तुम्ही घोडा सांभाळा."

त्या दिवशी करड्यातून एक शेवाळी हिरवा असा वर आला, की त्याच्या डावीकडची मोकळी जागा भरायला बाईंचा हात धजेना. त्यांनी ब्रश खाली ठेवला. असे पूर्वी कधी झाले नव्हते. "जमलं," त्या पुटपुटल्या. आणि नेमके तेव्हाच प्राध्यापक दारात उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

"मीच. वाळलं की झाकते."

"झाकता? अहो बाई, हे माझ्या पुढच्या ग्रंथाचं मुखपृष्ठ आहे. 'अबोध श्रमिक मनातील अमूर्त'. तुमचं नावही देऊ, तळटीपेत."

"तळटीप म्हणजे?" नवऱ्याने विचारले.

"पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात."

"म्हणजे आमच्या डब्यातल्या रंगासारखं," नवरा म्हणाला.

बाईंना मोह झाला नाही, असे लिहिणे खोटे ठरेल. बावीस वर्षांत एक राहिले, तर कुणाचे काय बिघडते? पण लगेच त्यांना उद्याच्या कामावरची कोरी भिंत आठवली, आणि तिच्या जागी त्यांना हीच भिंत दिसली. परवाही हीच दिसणार होती. मग ज्या कोरेपणापुढे त्या रोज उभ्या राहत, तो पुन्हा कधीच मिळणार नव्हता.

"साहेब, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"हेच, की खरा साधक कृती करतो आणि तिच्यावरचा हक्क सोडतो," प्राध्यापकांनी सवयीने सांगितले.

"बरोबर लिहिलंय. मग तासाभरात प्रायमर लावते."

"भिंत माझी आहे," म्हणत ते हात पसरून तिला पाठ लावून उभे राहिले.

"ओलं आहे, साहेब."

सांगायला उशीर झाला होता. इस्त्रीच्या सदऱ्याने तो हिरवा टिपून घेतला, आणि तोही नेमका तिथे, जिथे विद्वानाची स्वतःची नजर कधी पोचत नाही.

"भिंत तुमचीच," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर तुम्ही सांगितलेला पांढरा तिला देते. चित्र तुम्ही सांगितलं नव्हतं. ते माझं, ठेवायचं की सोडायचं, ते मी बघते."

प्राध्यापकांनी मनात चारशे पाने चाळली. ते बाजूला सरले. वाळेपर्यंत तिघेही चित्राकडे पाहत बसले. नवऱ्याने बाईंचे चित्र बावीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिले, आणि बाई घोड्यावर चढल्या तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

बाईंनी सुरुवात हिरव्यापासूनच केली.

दिवस मावळता मावळता, भिंत दुधासारखी करून, त्या जिना उतरल्या त्या गड जिंकून आल्यासारख्या.

"उद्याची भिंत केवढी?"

"अठरा फूट," नवरा म्हणाला. "हिरवा संपला. तळाशी थोडा जांभळा आहे."

"पुरे झाला," बाई म्हणाल्या आणि झपझप चालू लागल्या.