कॉपर हायड्राइडचा चोर

१९९४चा एप्रिल. नगरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या प्रज्ञाच्या मानगुटीवर संशयाचं भूत बसलं होतं. संध्याकाळी ती कॉपर हायड्राइड बनवायची. लालसर तपकिरी भुकटी. ॲसिडचा थेंब टाकला की फसफसून हायड्रोजन सुटायचा. बर्फाच्या वाडग्यात बाटली ठेवून ती घरी जायची. सकाळी तीच भुकटी ॲसिडखाली ढिम्म! नुसता तांब्याचा चुरा. कोणीतरी माल बदलतंय, दुसरं काय?

आणि तो कोणीतरी म्हणजे सोबत शिकवणारा कल्याण. तांब्याचे मोजके अणू हायड्रोजनसकट जमले की सगळा पुंजका एकाच मोठ्या अणूसारखा वागतो का, हे पुण्याचे एक सर शोधत होते. त्यांच्याकडे पीएच.डी.ची जागा एकच, अर्ज दोघांचे. त्यात आठवड्यापूर्वी कल्याण तिच्या बाटलीत चमचा घालताना दिसला. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

सर दोघांचं काम बघायला कॉलेजात येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी तिनं ताजी भुकटी लहान बाटलीत भरली, बूच ठोकलं, वर लाख ओतली आणि बाटली लोखंडी कपाटात कोंडली. आता बदल म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सरांसमोर कपाट उघडलं, तर बूच उडालेलं आणि भुकटी दाराला फासलेली.

"सर, हे ह्यांचंच काम!" शेजारी उभ्या कल्याणकडे बोट दाखवत प्रज्ञा कडाडली. "रोज माझा माल बदलतात."

"चावी कुणाकडे होती?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडेच."

"मग? अहो, उकाड्यात हे आपोआप तांबं होतं. सुटलेला हायड्रोजन तुम्ही कोंडलात, त्यानं बूच उडवलं."

कल्याण बाहेर गेला आणि थर्मास घेऊन आला. मीठ कालवलेल्या बर्फात एक परीक्षानळी होती. त्यातल्या चिमूटभर भुकटीवर त्यानं ॲसिड टाकलं. फसफसलं!

"हे मॅडमचंच हाय," तो म्हणाला. रागात त्याच्या तोंडी गावाकडची, नगरजवळच्या कर्जतची बोली यायची. "नुस्ता बर्फ पुरत न्हाई, म्हनून चमचाभर काढून ठेवलं. कुल्फीवाल्यावानी रोज मीठ-बर्फ बदलला. सांगनार हुतो, पन त्या बोलतच नव्हत्या."

सर खूश झाले. भुकटी मुळात प्रज्ञानं बनवलेली, म्हणून जागा तिला मिळाली.

शरमेनं तिची मान वर होईना. माफी मागायला ती त्याच्या टेबलाशी गेली, तेव्हा कल्याण ड्रॉवरला नवं कुलूप लावत होता. आजवर तो ड्रॉवर कधी बंदसुद्धा नसायचा.