बानूमायचा पहिला घोट

किडामारीला मेंढ्या तोंड लावत नाहीत. काळ्या रानात कपाशीच्या ओळींमधून जमिनीला चिकटून पसरणारा हा वेल, वास असा की नाक धरावं. भुकेली मेंढीसुद्धा तो टाळून पुढे जाते. मेंढीला कळलं ते आमच्या घरात कुणाला कळलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

आमचं घर मेंढरांचं, गाव पालमजवळ. मेंढीच्या जखमेत अळ्या पडल्या की माझ्या सासूबाई, बानूबाई, किडामारीचा रस पिळायच्या. अळ्या वळवळत बाहेर पडायच्या आणि जखम भरून यायची. मग जखमेतली कीड मरते तर पोटातली का मरणार नाही, असं आमच्या घरात कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात काढा उकळायचा आणि गावातल्या बाया पोरांना घेऊन यायच्या. पाचवं वर्ष लागलं की पोराला पहिली वाटी. बाळंतिणीला, कंबर धरलेल्याला वर्षभर केव्हाही. रीत मात्र कडक होती: देणाऱ्याने आधी स्वतः घोट घ्यायचा, मगच दुसऱ्याला द्यायचं. बानूमाय पेली म्हणजे घोर नाही, असं लोक म्हणायचे. यासाठी त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही. बाई वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

माझा नवरा रायभान लहानपणी अशक्त होता, म्हणून आईने त्याला दर अमावास्येला पाजलं. मोठेपणी मेंढरांमागे हिंडून कंबर दुखायची, तेव्हा तो स्वतःच मागून प्यायचा. मागच्या वर्षी त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं. नांदेडला नेलं. मूत्रपिंडं सुकलेली आणि मूत्राच्या नळीत कॅन्सर. झाडपाल्याचं काही घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पुढच्या खेपेला मी तो वेलच पिशवीत घालून नेला. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं.

"यातलं विष मूत्रपिंडात जाऊन बसतं," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग कॅन्सर होऊन वर येतं. अजून कोण पितं हे?"

"सगळं गाव," मी म्हणाले.

संक्रांतीनंतर रायभान गेला. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचं एक अक्षर मानलं नाही.

"क्यान्सर म्हंजे आतली कीडच की," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून पाजणं कमी पडलं. आन् मी तर सगळ्यांच्या आधी पेते. मला काय झालंय का? सांग की!"

त्या चांगल्या ठणठणीत होत्या. आणि या श्रावणात माझ्या अर्पिताला पाचवं लागलं. यंदा नातीची पहिली वाटी, असं त्यांनी शेजारच्या बायनाबाईला सांगूनही टाकलं होतं. पोरीला घेऊन माहेरी जाते, असं मी धमकावून पाहिलं.

"जा. तिथं येऊन पाजीन," त्या म्हणाल्या. "लेक गेला माझा, आता नातबी जाऊ दिऊ का?"

बोलताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. असं माणूस समोर असल्यावर भांडायचं तरी कसं?

पोळ्याच्या सकाळी सासूबाई न्हाणीतून बाहेर आल्या आणि त्यांच्यामागे मी आत गेले. दगडावर तांबडं पाणी होतं. त्यांची पाळी जाऊन जमाना झाला होता. तो रंग मी ओळखत होते.

"आत्याबाई, कवापासून रगत जायलंय?"

"काय न्हाई ते. उष्णता हाय."

"ह्यांलाबी तुमी हेच म्हणल्या होत्या."

त्या दिवशी त्या पुरणाच्या पोळीला शिवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर पातेलं चुलीवर होतंच. माझा धीरच सुटला. अंगणात बाया जमल्या. बायनाबाई नातवाला, बबलूला, घेऊन सगळ्यात पुढे बसली होती. मी अर्पिताला पोटाशी आवळून दारात उभी राहिले. सासूबाईंनी घोट घेतला असता तर मी पोरीला घेऊन तशीच रस्त्याला लागले असते.

त्यांनी वाटी भरली. रीतीप्रमाणे ओठांपाशी नेली आणि तशीच धरून राहिल्या. मग त्यांनी वाटी चुलीत ओतली आणि पातेलंही पायाने लवंडून दिलं. काढा राखेतून वाहत अंगणभर गेला.

"मी पेत न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनीच पिऊ नका. ह्यानंच माझा लेक खाल्ला. मीच पाजलं त्याला. आता मलाबी तेच लागलंय."

बायनाबाईने बबलूला मागे ओढलं. मागच्याच वर्षी त्याची पहिली वाटी झाली होती. तिची स्वतःची होऊन तर किती काळ लोटला.

"माय," तिने विचारलं, "मंग आजपत्तुर पेलं, त्याचं काय?"

सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. अर्पिता झाली तेव्हा सव्वा महिना रोज सकाळी ती वाटी त्यांनी माझ्या हातात दिली होती. आधी स्वतः घोट घेऊन.