कोरं कापड

क्षितिजाने कापडाचा तुकडा गालावर घासून पाहिला आणि लगेच काउंटरवर ठेवला.

“काका, याने गाडी पुसता?”

“हो. कोरं आहे. लूमवरनं उतरलेलं, कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”

“म्हणूनच तर. तुम्हीच लावून बघा गालाला.”

रामनाथने तुकडा गालाला लावला नाही. चाळीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला त्याची गरज नव्हती. चिमटीत धरताच कापड करकरलं आणि त्याला कळलं. खळ. ताण्याचं उभं सूत तुटू नये म्हणून त्यावर चढवलेली पिठाची खळ, धुऊन काढेपर्यंत कापडात तशीच राहते. नव्या कामगाराला तो हे पहिल्याच दिवशी शिकवत असे. गाडी पुसताना मात्र एकदाही त्याच्या मनात आलं नाही. कोरं कापड म्हणजे सगळ्यात स्वच्छ कापड, एवढंच त्याला वाटलं होतं.

“गाडीवरच्या रेघा कशा दिसतात?” क्षितिजाने विचारलं.

त्याने काउंटरच्या काचेवर बोटाने गोल काढला. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. “सावलीत काही दिसत नाही. ऊन आलं की दिसतं. सुताचा गुंता पडावा तसं.”

“रंग?”

“गडद निळा.”

“झालं. गडद रंगावर तर सगळंच दिसतं. रोज पुसता का?”

“नाही. आठवड्यातून एकदा.”

क्षितिजा हसली. कल्याण नाक्यावरच्या या दुकानात तिचे वडील ट्रकच्या ताडपत्र्या विकायचे. आता ती गाड्यांचं सामान विकत होती आणि गिऱ्हाईक खोटं कधी बोलतं हे तिला वडिलांइतकंच कळत होतं.

“आठवड्यातून एकदा पुसून असा गुंता पडत नाही, काका. पण जाऊ दे. या कापडाची खळ निघते का?”

“निघते की. कडकडीत पाण्यात बुडवायचं. तीन पाणी दिली की लोण्यासारखं मऊ होतं. सकाळी घातलं तर जेवायच्या आत तयार.”

“मग तेवढं करायचं होतं.”

“हो,” रामनाथ म्हणाला. “करायचं होतं.”

तिने फळीवरून एकेक बाटली उतरवली. भांड्यांचा साबण बंद, हा गाडीचा शांपू. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, आणि हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शांपूत घालायचा. पुसायला हे झुबकेदार टॉवेल. रामनाथने टॉवेलचा काठ उलटून वीण पाहिली, बोटाने ताणून बघितली आणि नाक मुरडलं.

“सुती नाही हे.”

“सुती नाहीये, म्हणूनच बरंय,” क्षितिजा म्हणाली. मग तिने दोन बाटल्या त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. “आता हे तुम्ही ठरवा. हे वॅक्स. रेघा झाकतं. महिनाभर कुणाला कळणार नाही, मग पुन्हा वर येतील. आणि हे पॉलिश. हे रेघा काढून टाकतं, कायमच्या. पण जोर जपून लावायचा, रंगाचा पापुद्रा खातं ते. मेहनत फार आहे. गाडी विकायचीय की ठेवायचीय? विकायची असेल तर वॅक्स पुरे.”

बाहेरून एक कंटेनर हॉर्न वाजवत गेला. तो आवाज पार विरेपर्यंत रामनाथ बाटल्यांकडे पाहत राहिला.

“ठेवायचीय,” तो म्हणाला.

कुठल्याच बाटलीवर मराठीची एक ओळ नव्हती. तो वाचायला शिकला ते सत्तेचाळिसाव्या वर्षी, चौथीतल्या लेकीकडून, मृणालीकडून. ती शाळेचा गृहपाठ करायची आणि त्याला त्यातला अर्धा करायला लावायची. इंग्रजीपर्यंत दोघं पोचलेच नाहीत. त्याने क्षितिजाकडे कागदी चिकटपट्टी मागितली, बाटल्यांवर लावली आणि पेन घट्ट धरून, ती सांगेल तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं. शांपू. पॉलिश, सावलीत, हळू. वॅक्स, शेवटी.

गाडी कामतघरात, बंद पडलेल्या कारखान्याच्या पत्र्याखाली उभी होती. लूम भंगारात गेले तेव्हा मालकाने रामनाथला शेवटचा तागा दिला आणि शेडमध्ये गाडी ठेवायची परवानगी दिली. मृणालीने ती गाडी पहिल्या नोकरीत घेतली होती. आई गेल्यानंतरच्या वर्षी ती दर रविवारी बाबांना शेजारी बसवून दिघाशीला आक्काकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे घेऊन जायची. मग तिची बदली बंगळुरूला झाली. तिथे गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून तिने किल्ली बाबांच्या खिळ्याला अडकवली. “आठवड्यातून एकदा पुसा, बस,” असं सांगून गेली. त्याला दोन वर्षं झाली.

रामनाथला गाडी चालवता येत नव्हती. दात घासून झाले की तो शेडमध्ये जायचा. ताग्यातला तुकडा मऊ पडला की बाजूला ठेवायचा आणि नवा कडक तुकडा फाडायचा. लेकीच्या गाडीला जुनं फडकं कशाला? फोनवर ती विचारायची, गाडी कशी आहे, आणि तो म्हणायचा, आहे कोपऱ्यात. गाडी कोपऱ्यात आहे तोवर ती येणार, एवढं त्याला पुरत होतं.

सोमवारी तिचा फोन आला होता. “बाबा, शनिवारी सकाळी येते. चारला पंढरीशेठ गाडी बघायला येतील, बोलणं झालंय. रात्रीचं विमान आहे परतीचं.”

“बरं,” तो म्हणाला होता.

तेव्हापासून त्याने मनात एक गोष्ट धरली होती. गाडी ती ठेवून गेली तशीच दिसली, तर कदाचित तिलाच विकवणार नाही.

मंगळवारी सामान आणलं. बुधवारी त्याने गाडी धुतली आणि टपापासून सुरुवात केली. टीचभर जागेवर पॉलिशचा थेंब, वरून हलका हात, मग टॉवेल. तिथली रेघ गेलेली दिसली की पुढची टीच. खांदा भरून यायचा. समोरच्या खोलीच्या उंबऱ्यात गुणाबाई तांदूळ निवडत बसलेली असायची.

“रामनाथभाऊ, नवरीला बी एवढं न्हाऊ घालत न्हाईत.”

“नवरी एक दिवसाची असते, गुणाबाई.”

“आन ही? ही पन चाललीच ना शनवारी?”

त्याने टॉवेलची घडी उलटली.

शुक्रवार संपेपर्यंत टप, बॉनेट, मागची बाजू आणि तीन दारं झाली. राहिलं ते ड्रायव्हरच्या बाजूचं दार. बुधवारी तो त्या दारापाशी आला होता आणि पलीकडे गेला होता. गुरुवारीही तसंच. शनिवारी सकाळी मात्र दुसरं काही उरलं नाही. त्याने स्टूल ओढलं, दारापुढे बसला आणि बाटली हलवली. शेडच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचा एक पट्टा नेमका त्या दारावर पडला होता. सगळ्यात दाट रेघा तिथेच होत्या.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेव्हा बाटलीचं बूच अजून त्याच्या मुठीत होतं.

“बाबा!”

मृणाली एक पाठपिशवी घेऊन आली होती. एका दिवसाची पिशवी. तिने वाकून नमस्कार केला आणि सरळ होताना तिची नजर बॉनेटवर गेली.

“अगंबाई! ही माझीच गाडी आहे ना?”

“तुझीच.”

“तुम्ही केलंत हे? एकट्याने?” ती गाडीभोवती फिरली, बाटल्या उचलून त्यांच्यावरची अक्षरं वाचली. “पॉलिश, सावलीत, हळू.” ती हसली. “पंढरीशेठ बघता क्षणी घेतील.”

रामनाथने मान हलवली. हे त्याला सुचलंच नव्हतं. त्याने मुठीतलं बूच पुन्हा बाटलीला लावलं.

मग ती ड्रायव्हरच्या दारापाशी आली. उन्हात दाराचा निळा रंग दिसतच नव्हता, दिसत होते ते गोल. एकात एक, एकावर एक, मोजता न येणारे. तिने बोट एका गोलावर ठेवलं आणि फिरवलं. तिथून ते दुसऱ्यावर गेलं, मग तिसऱ्यावर.

“हे काय आहे?”

“कापड चुकलं. खळ होती त्यात. माझ्या लक्षात नाही आलं.”

“सगळ्या गाडीवर होतं असं?”

“हो. बाकीचं काढलं.”

“किती वेळा पुसायचात, बाबा?”

“कधीमधी.”

“कधीमधी म्हने!” गुणाबाई चहाचं पातेलं घेऊन येत होती. पातेल्याच्या दोन्ही कडा तिने कापडाने धरल्या होत्या. “आगं, माझ्या घरात बग जाऊन. पातेलं धराया ह्येच, चूल पुसाया ह्येच, पोळ्यांच्या डब्यात खाली ह्येच. तुझ्या बापाने गाडी पुसून मऊ केलेलं तुकडं. इकत फडकं आनावं न्हाय लागलं मला दोन सालात.”

मृणालीने चहाचा पेला घेतला, पण प्यायली नाही. गुणाबाईच्या हातातल्या कापडाकडे पाहत राहिली. गुणाबाईला काय वाटलं कोण जाणे, ती पातेलं स्टुलावर ठेवून परत गेली.

“दार तासाभरात होईल,” रामनाथ म्हणाला. “चारला अजून वेळ आहे.”

मृणालीने पेला खाली ठेवला. शेडच्या कोपऱ्यात ताग्याचा उरलेला भाग गुंडाळून ठेवला होता. हातभर असेल. ती तो घेऊन आली, चिमटीत चोळला. कापड करकरलं. तिने तो गालाला लावला आणि काही वेळ तसाच धरला.

“आई असलं कापड बादलीत बुडवून ठेवायची,” ती म्हणाली. “मी शाळेतून यायचे तेव्हा दोरीवर असायचं.”



तिने रिकामी बादली ओढली, त्यात कापड घातलं. गुणाबाईच्या उंबऱ्यात बंबाचं पाणी होतं, ते मागून आणून वर ओतलं. कापड आधी फुगून वर आलं. तिने ते हाताने दाबून खाली धरलं. पाणी हळूहळू गढूळ होत गेलं.

“दार पॉलिशने नको,” ती बादलीकडे पाहत म्हणाली. “हे मऊ झालं की याने पुसू. किती वेळ लागतो याला?”

रामनाथने बादलीत पाहिलं. मग खिळ्यावरून आणलेली, खिशातली किल्ली चाचपली.

“तीन पाणी द्यावी लागतात,” तो म्हणाला. “तीन दिवस.”

मृणालीने वर पाहिलं नाही. ओला हात ओढणीला पुसला, फोन काढला आणि पंढरीशेठचा नंबर लावला.