भाषणाआधी पाच मिनिटं

कळव्याच्या आमच्या कारखान्यात आता काहीच बनत नाही. भट्ट्या बंद पडल्या, माणसं पांगली. उरलं ते आवारात डबे ओढणारं जुनं डिझेल इंजिन, मी आणि मेघना मॅडम. मी काळुराम म्हात्रे, फिटर. मॅडम इंजिनिअर. जागेवर टॉवर उभे राहणार हे ठरलेलंच होतं. इंजिनाचं काय, एवढाच प्रश्न शिल्लक होता. कंपनीचे मालक म्हणाले होते, चालत असेल तर रुळाच्या तुकड्यासकट ठेवू, लोक बसतील, फेरी मारतील. चालत नसेल तर गॅस कटर आहेच.

मला लोक विचारतात, गावात तुमच्या खोल्या भाड्यानं आहेत, मग या वयात तेलात हात कशाला? बायको, तुळसा, तर तोंडावर म्हणते, "तुमी त्या इंजनाशीच लगीन कराचा होता. मना कशाला आनली?" तिचं काही चूक नाही. आमचं शेत गेलं, मिठागर गेलं, त्यावर दुसऱ्यांच्या इमारती आल्या, तेव्हा मी कुणाला अडवलं नाही. हे एकच यंत्र माझ्या हातानं चालत होतं. ते गेलं की मी नुसता भाडं गोळा करणारा म्हातारा उरणार होतो, आणि त्याची मला भीती वाटत होती. खरंच वाटत होती.

या इंजिनाचा जीव टर्बोत. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर त्याचं चाक फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. इतक्या जोरात फिरतं की शिटी वाजते. त्याच्या दांड्याला आधार बेअरिंगचा, आणि बेअरिंगला आधार तेलाचा. ते तेल इंजिनाचाच पंप पाठवतो. इंजिन बंद, की तेल बंद. म्हणून जोराचं काम झालं की एकदम बंद करायचं नाही, थोडा वेळ नुसतं धडधडू द्यायचं. टर्बो निवला, मंदावला, की मगच बंद. धावत आलेल्या माणसाला आपण लगेच आडवं करत नाही, तसंच हे.

आमचं बेअरिंग झिजलं होतं आणि नवं बाजारात मिळत नव्हतं. मॅडमनी फोन करकरून घसा बसवून घेतला. शेवटी शीळफाट्याजवळ एका भंगारवाल्याकडे तसलाच टर्बो सापडला. त्यातलं बेअरिंग काढून, घासून घासून मी आमच्यात बसवलं. मॅडम म्हणाल्या, "मामा, हे गेलं तर संपलं." मला ते माहीत नव्हतं असं नाही.

मालकांना इंजिन चालवून दाखवायच्या दिवशी मांडव, हार, स्पीकर, सगळा थाट होता. कारभार मितेश साहेबांकडे. ऑफिसातले, कायम इस्त्रीतले. मॅडम केबिनमध्ये, मी बाहेर टर्बोजवळ. खडीनं भरलेले डबे खालच्या टोकापासून चढावर ओढत आणले. चढ लागला तसा टर्बो असा काही वाजू लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मांडवासमोर थांबलो. टाळ्या पडल्या. मॅडमनी केबिनमधून माझ्याकडे बघून मान हलवली. आता फक्त त्याला निवू द्यायचं होतं.

तेवढ्यात मालकांनी माईक हातात घेतला आणि मितेश साहेब धावत केबिनमध्ये चढले.

"मॅडम, बंद करा हे. साहेब बोलतायत, काही ऐकू येत नाहीये."

"पाच मिनिटं द्या सर. टर्बो तापलाय."

"अहो, ते तिकडे माईक घेऊन उभेत. त्यांना काय सांगू, टर्बो तापलाय?"

"हो, तेच सांगा."

"मला नोकरी करायचीये, मॅडम."

मी बाहेरून ओरडलो, "साहेब, हात लावू नका, बेअरिंग जाईल." मॅडमनी बटणावर हात आडवा धरला होता. मितेश साहेबांनी तो बाजूला केला आणि बटण दाबलं.

धडधड थांबली. मालक हसून म्हणाले, "हां, आता बरं." मग वारसा, जुनी पिढी, घाम, असं काहीबाही सुरू झालं. माझं लक्ष नव्हतं. टर्बो अजून पळत होता, तेलाशिवाय. मी तेलाच्या हातपंपाचा दांडा धरला आणि मारत सुटलो. मॅडम धावत आल्या, त्यांनीही दांडा धरला. सकाळी थंड इंजिनात तेल चढवायला तो पंप पुरतो, पळत्या टर्बोला पुरत नाही. दोघांनाही ठाऊक होतं. तरी मारत राहिलो, कारण हात बांधून ऐकत बसणं त्याहून वाईट होतं.

शिटी हळूहळू विरायला हवी होती. ती मध्येच खरखरली. मग घासल्याचा आवाज आला आणि टर्बो गप्प झाला. तिकडे टाळ्या वाजल्या. भाषण चांगलं झालं असावं.

हवेचा पाइप काढून मी आत हात घातला. चाक हलेना. मॅडमनी तेल बोटावर घेतलं, त्यात धातूचा चुरा चमकत होता. त्या तशाच खाली खडीवर बसल्या.

मालक घरच्या मंडळींना घेऊन आले. "चला, एक फेरी होऊन जाऊ दे."

"हो सर, लगेच," मितेश साहेब म्हणाले.

मॅडम उठून पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. "नाही सर. टर्बो जाम झालाय. आता सुरू केलं तर तेल तापलेल्या धुराड्यात जाऊन आग लागेल. माणसं नाही बसवता येणार."

"आत्ता तर चालत होतं."

"चालत होतं," मी म्हणालो. "तापलेलं असताना बंद केलं, म्हणून गेलं. आणि दुसरं बेअरिंग कुठंही नाही. आता कटरवाल्यांना बोलवा."

"मग बंद केलं कशाला?"

मितेश साहेब खाली बघत म्हणाले, "सर, तुमचं भाषण होतं ना."

मालक चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. चार शिव्या मीही दिल्या असत्या. पण ते इंजिनाकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, मग मला सांगायचं ना. तेवढ्यात चहा घेतला असता. मला कुठं घाई होती?"

मी ओरडलो होतो, पण मितेशवर. मॅडम बोलल्या, त्याही मितेशशीच. मालक हाकेच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना कुणीच हाक मारली नव्हती.