सावडीतली मशीन

लहानीकाकीची भाताची रोपं लावणीवाचून वाफ्यातच पिवळी पडायला लागली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सापगावात बाकी सगळ्यांची भातलावणी उरकली होती, कारण यंदा हरेशदादाने लावणीची मशीन आणली. काकीच्या उतारावरच्या चिंचोळ्या तुकड्यात ती मशीन उतरतच नव्हती.

आमच्याकडे लावणी सावडीने व्हायची. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या तू सगळ्यांच्या. यंदा कुणालाच काकीचे हात नको होते, मग तिच्या शेतात कोण येणार? मी येते म्हटलं, तर काकी फणकारली. "फुकटचं नको मला. परत काय देऊ तुला?"

मी मुंबईत यंत्र आणि समाज हाच विषय शिकते. यंत्र गावात आलं की तेही गावातलं एक माणूस होऊन बसतं, असं आमचं शास्त्र सांगतं. त्यावर मी पानंच्या पानं खरडली आहेत, आणि इथे नुसती बांधावरून येरझाऱ्या घालत होते. स्वतःचाच संताप आला. तेवढ्यात चप्पल चिखलात रुतली. उपसायला वाकले, तर समोर दादाच्या खाचराचा कोपरा मोकळा. शेजारच्याचाही. मशीन वळली तिथे कोपरे सुटले होते.

तशीच अनवाणी देवळापाशी गेले. माणसं गप्पा हाणत बसली होती.

"मशीन सावडीत घ्या," मी म्हटलं.

हशा पिकला. दादा म्हणाला, "अगो, मग तिला जेवण पण वाढू काय?"

"वाढ! सगळ्यांच्या शेतात राबली ना ती? तिचे सुटलेले कोपरे काकी भरल. मग मशीनने काकीकडं जायला नको?"

"उतारावर कशी जाईल ती?"

"नाय जाणार. तिच्या जागी तू जा."

हशा थांबला. दादा उठून गेला. भिमीआत्या तेवढी म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते रे."

हे कळताच काकीने दिवसभर राबून सगळ्यांचे कोपरे भरले. मला मात्र धास्ती होती. दादा नाहीच आला तर? मी काकीला तोंडघशी पाडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या उतारावर पोचले, तर दादा कमरेत वाकून रोपं लावत होता आणि मागे अर्धा गाव. बांधावर लहानीकाकी, कमरेला पदर खोचून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडत होती, "ए मशीन, ओळ सरळ धर!"